वाचकांचे प्रश्न : हिरड्या, पडलेले दात आणि संशोधनातले आकडे

मागच्या महिन्यात हिरड्यांवर लिहिलं त्यानंतर जे प्रश्न आले ते बरेचसे एकाच जागी अडकलेले होते, म्हणजे डॉक्टर असं म्हणतात, नेटवर तसं वाचलं, मग खरं काय धरायचं. म्हणून या वेळी नुसतं हे करा ते करू नका असं न सांगता त्यामागे कुणावर अभ्यास केला, किती वर्षं केला आणि नेमकं काय मोजलं हे पण सांगतेय, कारण मी गेली बरीच वर्षं हिरड्यांचेच पेशंट बघतेय आणि एकदा कारण कळलं की माणूस रात्री झोपायच्या आधी दोन मिनिटं आरशासमोर उभा राहतो हे मी बघितलंय.

प्रश्न : खालच्या पुढच्या दातांपाशी ब्रश लागला की रक्त येतं, म्हणून मी तिथे ब्रश लावायचंच बंद केलंय, हिरडीला आराम मिळेल म्हणून. क्लीनिंग करून घ्या असं सांगितलंय पण सगळे म्हणतात क्लीनिंगने दात हलायला लागतात आणि फटी पडतात. वय ३४.

आराम देऊ नका, आज रात्रीपासूनच तिथे परत ब्रश सुरू करा, मऊ ब्रश घ्या, हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर थोडा तिरका धरा आणि हळू फिरवा, रक्त आलं तरी थांबू नका. हे इतक्या ठामपणे सांगतेय त्याला कारण आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फार साधा प्रयोग केला, निरोगी हिरड्यांची १२ माणसं घेतली, त्यात बहुतेक डेंटलचेच विद्यार्थी होते, आणि त्यांना सांगितलं की आता दात घासायचेच नाहीत. १० ते २१ दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, एकही सुटला नाही. मग परत ब्रश सुरू करायला लावला आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पहिल्यासारख्या झाल्या. फक्त १२ माणसं, काही आठवडे, पण कारण आणि परिणाम दोन्ही डोळ्यासमोर दिसले, आणि आपण आज जे काही सांगतो त्याचा पाया तिथे आहे.

तुमच्या बाबतीत उलटं चाललंय बघा. दातावर जंतूंचा चिकट थर बसतो, तो तसाच राहिला की हिरडी लढायला लागते, तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, दाताच्या बाजूची आतली त्वचा पातळ आणि नाजूक होते आणि नुसता केस लागला तरी रक्त येतं. म्हणजे रक्त येतंय ते थरामुळे, आणि रक्त येतंय म्हणून तुम्ही तो थर काढायचं बंद केलंय. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हे जास्त होतं कारण जिभेखालच्या लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, लाळेतला कॅल्शियम त्या थरात बसतो आणि तो दगडासारखा घट्ट होतो, त्यालाच आपण किटण किंवा टार्टर म्हणतो आणि ते एकदा झालं की ब्रशने निघत नाही.

आता फटींचं. फटी क्लीनिंगने पडत नाहीत, त्या आधीच पडलेल्या असतात, किटणाने भरलेल्या असतात आणि सुजलेल्या हिरडीने झाकलेल्या असतात. किटण निघालं, सूज उतरली की हिरडी आपल्या जागी जाते आणि मोकळी जागा दिसायला लागते, जिभेला ती एकदम मोठी वाटते. दात हलल्यासारखा वाटतो तोही याच कारणाने, किटणाने शेजारच्या दातांना बांधून ठेवलेलं असतं, पण ज्या हाडात दात उभा असायला हवा ते हाड आधीच खाली गेलेलं असतं. थोडे दिवस थंड लागलं की ठणका लागतो तो बहुतेकांचा दोनचार आठवड्यांत कमी होतो.

याची दुसरी बाजू पण सांगते. ज्यांच्या हिरड्या मुळात बऱ्या आहेत आणि जे नियमित तपासायला जातात, त्यांना दर ६ महिन्यांनी नेमाने क्लीनिंग केल्याने २-३ वर्षांत हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक पडला नाही असं २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं (कॉक्रेन म्हणजे एकाच प्रश्नावरचे सगळे चांगले ट्रायल, म्हणजे लोकांवर इलाज करून तुलना केलेले अभ्यास, शोधून एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था). तुम्ही त्या गटातले नाही, तुमच्याकडे किटण आहे, रक्त येतंय, तुम्हाला क्लीनिंग हवंय. पण ते करून आल्यावर परत ब्रश टाळला तर ऑर्हुसच्या त्या १२ जणांसारखं तीन आठवड्यांत आहे तिथेच याल.

क्लीनिंगनंतर दोनतीन आठवडे नीट घासूनही रक्त येत राहिलं तर डॉक्टरांना पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दात यांच्या मधल्या खाचेची खोली, मोजायला सांगा, बारीक खुणांची सळई हिरडीत घालून मोजतात, १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ च्या वर गेलं की लक्ष द्यायचं. आणि सिगारेट ओढत असाल तर रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, तंबाखूने हिरडीतून रक्त येण्याचं लक्षणच दबतं आणि आजार आत शांतपणे वाढतो.

प्रश्न : माझे आजोबा कधी डेंटिस्टकडे गेले नाहीत, ऐंशीव्या वर्षी पण दात शाबूत. मी दोनदा ब्रश करते तरी ४१ व्या वर्षी हाड गेलंय म्हणतात. मग ब्रशने काही होतं का खरंच?

तुमचा वैताग समजतो, आणि तुमचा काही दोष आहे असं आधी मनातून काढून टाका. या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतून आलंय. तिथल्या ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्या लो यांच्याच टीमने १९७० पासून १९८५ पर्यंत परत परत तपासल्या. या लोकांना दातांची कसलीच सोय नव्हती, ब्रश करायची पद्धत नव्हती, सगळ्यांच्या दातांवर थर आणि किटण भरपूर. म्हणजे जंतू सगळ्यांना सारखेच. तरी साधारण ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम वेगाने आणि ११ टक्के असे निघाले की हिरडी सुजलेली आहे पण आजार त्याच्या पुढे सरकलाच नाही. वयाच्या ३५ व्या वर्षी झपाट्याच्या गटात दाताचा आधार सरासरी ९ मिलिमीटर गेलेला, मधल्या गटात ४, आणि तिसऱ्या गटात १ पण नाही.

तुमचे आजोबा बहुधा त्या ११ टक्क्यांतले. तुम्ही नाही. शरीर जंतूंशी किती जोरात भांडतं हे प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यात घराण्याचा वाटा असतो, शुगर, तंबाखू हेही असतं, आणि हाड खातात त्या पेशी आपल्याच असतात, जंतू फक्त त्यांना चेतवतात. हा अभ्यास वाचताना मला नेहमी वाईटही वाटतं, कारण १५ वर्षं तपासलं गेलेल्या त्या माणसांचे दात जातच राहिले, आणि आपल्याला जे ज्ञान मिळालं ते त्यांच्या तोंडातून मिळालं.

मग ब्रशने होतं काय? त्यासाठी स्वीडनमधल्या कार्लस्टाडचा अभ्यास बघा, १९७२ ला पेर अ‍ॅक्सेलसन आणि यान लिंढे यांनी सुरू केला. लोकांना ठरावीक महिन्यांनी बोलवायचं, कुठे ब्रश पोचत नाही ते त्यांना स्वतःच्या तोंडात दाखवायचं, दातांच्या मधून साफ करायला शिकवायचं आणि राहिलेलं स्वतः काढायचं. ३० वर्षं शेवटपर्यंत टिकलेल्या २५७ लोकांचे ३० वर्षांत वयोगटाप्रमाणे सरासरी ०.४ ते १.८ दात गेले, म्हणजे दोनसुद्धा नाही, आणि तेही बहुतेक दाताचं मूळ तडकल्यामुळे, हिरडीच्या आजाराने फारच थोडे. तुलनेचा गट ६ वर्षांनी बंद केला होता कारण त्यांचे दात एवढे बिघडत होते की तसंच सोडणं योग्य वाटलं नाही, त्यामुळे ३० वर्षांची शेजारी शेजारी तुलना नाहीये, आणि जे टिकले ते मुळातच नेटाने येणारे असणार हेही खरंच. तरी आकडा मोठा आहे.

तुम्ही दोनदा ब्रश करता म्हणता, पण ब्रश दातांच्या मधे जातच नाही आणि हाड बहुतेक वेळा तिथूनच जायला सुरुवात होते. तुमच्यासाठी योग्य जाडीचा इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशसारखा छोटा असतो तो, आणि दर ३ महिन्यांनी हिरड्यांच्या डॉक्टरकडे मोजणी, एवढं वर्षभर करून बघा आणि मोजणीचे आकडे कागदावर लिहून मागा.

प्रश्न : मुलगी म्हणते फ्लॉसचा काही पुरावाच नाही, बातमी आली होती. सोडून देऊ का?

नका सोडू (फ्लॉस म्हणजे दातांच्या मधून फिरवायचा बारीक दोरा). २०१६ साली ती बातमी गाजली होती, त्यानंतर २०१९ चा कॉक्रेन आढावा आला, त्यात ३५ ट्रायल होते आणि निष्कर्ष असा की फ्लॉस किंवा इंटरडेंटल ब्रश जोडीला वापरला तर हिरड्यांची सूज थोडी जास्त कमी होऊ शकते पण पुराव्याची खात्री कमी दर्जाची आहे. कमी दर्जाचा पुरावा म्हणजे उपयोग नाही असा पुरावा नव्हे, हे दोन लोक सारखे मिसळतात. ते ट्रायल बहुतेक काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे, आणि हाड जायला वर्षं लागतात, मग एवढ्या वेळात हाडावर फरक दिसणार कसा. १० वर्षं निम्म्या लोकांना सांगायचं की दातांच्या मधे साफ करूच नका, असा ट्रायल आज कुठलीच एथिक्स कमिटी (संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना ते बघून परवानगी देणारी समिती) करू देणार नाही. शिवाय लोक घरी फ्लॉस कसा वापरतात हे कोण बघतंय, वरून आत खचकन दाबला आणि काढला की हिरडी कापते आणि थर तिथेच राहतो. फट असेल तिथे ब्रश, फट नसेल तिथे फ्लॉस, हे माझं मत.

प्रश्न : मला १० वर्षांपासून डायबिटीस आहे, एचबीएवनसी ८.४. शुगरच्या डॉक्टरांनी हिरड्या दाखवून या सांगितलं, संबंध काय? वय ५२.

तुमचे डॉक्टर चांगले आहेत. संबंध दोन्ही बाजूंनी आहे, शुगर वाढलेली असली की हिरडीचा आजार जोरात वाढतो, आणि हिरडीत सतत सूज असली की शरीराला शुगर आवरणं अवघड जातं. २०१८ ला हिरड्यांच्या आजाराचं जे नवीन वर्गीकरण जगभर लागू झालं त्यात एचबीएवनसी (गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ७ किंवा वर असेल तर आजार वेगाने वाढणारा धरा असं सरळ लिहिलंय.

पहिली बाजू पक्की आहे. दुसरी, म्हणजे हिरडीचा इलाज केला तर शुगर उतरते का, यावर बरीच वर्षं वाद झाला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो म्हणून सांगते. २०१३ ला अमेरिकेत ५१४ लोकांवरचा मोठा ट्रायल छापून आला, हिरड्यांची खोल सफाई केली आणि ६ महिन्यांनी एचबीएवनसीत फरक शून्य. लगेच मथळे आले की संबंध नाही. पण इतर संशोधकांनी आतले आकडे काढून दाखवलं की इलाजानंतरही त्या लोकांच्या हिरड्यांतून रक्त येणं आणि दातांवरचा थर पुष्कळ राहिला होता, म्हणजे हिरडीच नीट बरी झाली नव्हती, मग शुगर कशी उतरणार. त्यानंतर ट्रायल वाढत गेले आणि २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ ट्रायल तपासल्यावर ३-४ महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४३ ने कमी झालेलं दिसलं. तुमचं ८.४ आहे ते साधारण ८ च्या आसपास येईल असं समजा, म्हणजे गोळी बंद करण्याइतकं नाही, पण एखादं जादा औषध जोडल्यावर जेवढा फरक पडतो त्याच्या जवळपास जाणारं आहे. सरासरी आहे, तुमचं कमीजास्त होईल. औषधं तशीच चालू ठेवा आणि हिरड्यांच्या डॉक्टरांना शुगरच्या गोळ्यांची यादी आणि शेवटचा रिपोर्ट दाखवा.

प्रश्न : हिरडीच्या आजाराने खालच्या दोन दाढा गेल्या. इम्प्लांटचं यश ९६ टक्के सांगितलं. खरं आहे का? वय ५८, सिगारेट रोज ८-१०.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात. आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही, आणि तुमच्या परिस्थितीत ते कळायलाच हवं.

आधी थोडं मागे जाते. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून आतला रक्तप्रवाह बघत होते, अभ्यास संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. त्यावरून पुढे १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, आणि त्या माणसाने ते ४० वर्षांवर, २००६ मध्ये वारेपर्यंत वापरले. दंतशास्त्राने मात्र लगेच विश्वास ठेवला नाही, १९८२ ला टोरांटोच्या परिषदेत १५ वर्षांचे नीट लिहून ठेवलेले रेकॉर्ड मांडले तेव्हा कुठे जगाने मान्य केलं. म्हणजे इम्प्लांट ही भक्कम गोष्ट आहे, माझा त्यावर विश्वास आहे, मी पेशंटना पाठवते.

आता तुमचा आकडा. २०१९ ला एक मोठा आढावा आला, किमान १० वर्षं पाठपुरावा केलेले अभ्यास एकत्र केले, त्यात १० वर्षांनी ९६.४ टक्के इम्प्लांट जागेवर होते. जागेवर, हा शब्द धरून ठेवा. इम्प्लांट तोंडात असणं याला टिकणं म्हणतात, त्याच्या भोवतीची हिरडी निरोगी आहे, हाड शाबूत आहे, कॅप मोडली नाही, यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही. दुसरं असं की १० वर्षांच्या अभ्यासात बरेच लोक मधेच यायचे बंद होतात आणि ते हिशोबातून गळतात, त्याच संशोधकांनी गळलेल्यांचा अंदाज धरून परत हिशोब केला तर आकडा ९३.२ वर आला. तरीही चांगलाच आहे, पण १०० इम्प्लांटमागे जाणारे ३-४ होते ते जवळपास ७ झाले.

आणि टिकलेल्यांत काय असतं? २०१५ च्या एका आढाव्यात इम्प्लांट असलेल्या साधारण ४३ टक्के लोकांत इम्प्लांटभोवती हिरडी सुजलेली आणि २२ टक्के लोकांत हाड पण जायला लागलेलं असं सरासरी निघालं. अभ्यासागणिक हे आकडे खूप वरखाली होतात, कारण किती हाड गेलं म्हणजे आजार म्हणायचं याची व्याख्या प्रत्येकाने वेगळी धरली होती. पण आजार खरा आहे आणि तो दाताच्या आजारापेक्षा हट्टी असतो. खऱ्या दाताच्या मुळाला हाडाशी बांधणारे धागे असतात, हिरडीचे धागे दातात आडवे शिरून घट्ट पकडतात, इम्प्लांटला तसं काही नसतं, धागे त्याच्या कडेने समांतर जातात, त्यामुळे जंतूंना आत जायला वाट सोपी. आणि ज्याच्या हिरडीच्या आजाराने दात गेले त्याला इम्प्लांटभोवती हाच आजार व्हायची शक्यता जास्त, जो नियमित सफाईला येत नाही त्याचीही जास्त, आणि सिगारेटने इम्प्लांट निकामी व्हायचं प्रमाण साधारण दुपटीच्या आसपास जातं. तुमच्याकडे यातल्या दोन गोष्टी आधीच आहेत, म्हणून ९६ हा आकडा तुमचा धरू नका.

काका, मी तुम्हाला नको म्हणत नाहीये. क्रम बदला म्हणतेय. आधी उरलेल्या दातांच्या हिरड्या बऱ्या करून घ्या, पॉकेट ५ च्या खाली आणि रक्त बंद, हे होऊन काही महिने टिकू दे, तेवढ्यात सिगारेट सोडायचा खराखुरा प्रयत्न करा, त्यासाठीही औषधं आणि समुपदेशन मिळतं. मग इम्प्लांट. आणि डॉक्टरांना विचारा की बसवल्यानंतर दर किती महिन्यांनी बोलावणार, भोवतीचं हाड दरवर्षी एक्सरेत मोजणार का, कॅपखाली ब्रश जाईल अशी जागा ठेवणार का. या प्रश्नांना जे डॉक्टर आनंदाने उत्तर देतात त्यांच्याकडे जा.

दाढ नुकतीच काढली असेल तर एक वेगळी घाई असते तीही सांगून ठेवते, दात काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी वर्षभरात साधारण निम्मी होते आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या ३ महिन्यांतच जातो, तेव्हा इम्प्लांट उशिरा करायचं ठरलं तरी सल्ला मात्र लवकर घ्या, हाड राखून ठेवायचा काही उपाय करायचा का ते ठरवता येतं.

प्रश्न : शेवटची दाढ गेली, चावायला काही त्रास नाही, तरी बसवायलाच हवी का?

नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे कायसर यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की पुढचे दात आणि लहान दाढा नीट असतील, म्हणजे दोन्ही बाजूंना समोरासमोर पुरेशा जोड्या असतील, तर मागच्या मोठ्या दाढांशिवायही माणसाचं नीट भागतं. तुम्हाला त्रास नाही, शेजारचे आणि वरचे दात सरकत नाहीयेत, तर वर्षातून एकदा दाखवत राहा आणि पैसे वाचवा.

प्रश्न : आईची खालची कवळी सारखी उचलली जाते, बोलताना पण हलते. वय ७६. ती रात्री पण काढत नाही, लाज वाटते म्हणते.

खालची कवळी वरच्यासारखी टाळूला चिकटून बसू शकत नाही, जीभ तिला सारखी ढकलते आणि खालचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, त्यामुळे आईंची तक्रार अगदी खरी आहे, त्यांना सवय करून घे म्हणू नका. आधी कवळी किती जुनी आहे बघा, आतून नवीन अस्तर लावून किंवा नवीन करून बऱ्याच जणांचं काम होतं. नाही झालं तर खाली फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी करतात, २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं, आणि ट्रायलमध्ये पेशंटच्या समाधानात फरक दिसतो. हाडं ठिसूळ होतात म्हणून गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते मात्र आधीच सांगायचं, जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

रात्रीचं मात्र मनावर घ्या. जपानमध्ये ८५ च्या पुढच्या ५२४ लोकांना ३ वर्षं बघितलं, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया व्हायचा धोका दुपटीहून जास्त निघाला. हा ट्रायल नव्हता, नुसतं निरीक्षण होतं, घालून झोपणारे एकूणच स्वच्छतेत कमी पडत असतील असंही असू शकतं, पण कवळी काढून ठेवायला खर्च काहीच नाही. ब्रश आणि साध्या साबणाने धुवायची आणि पाण्यात ठेवायची. लाज वाटते ना, मग दिवा मालवल्यावर काढू दे त्यांना, डबी उशाशी ठेवा.

प्रश्न : औषधाने नवीन दात उगवतो म्हणे जपानमध्ये. थांबू का दोन वर्षं?

थांबू नका. दाताची वाढ रोखणारं यूसॅग-१ नावाचं प्रथिन असतं, त्याला अडवणारं औषध आधी प्राण्यांत चाललं आणि २०२४ मध्ये क्योटोत माणसांवरचा पहिला टप्पा सुरू झाला. पहिला टप्पा म्हणजे औषध सुरक्षित आहे का एवढंच बघतात. आणि पुढे ते ज्यांना जन्मापासूनच काही दात आलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी वापरायचा विचार आहे. मला या कामाबद्दल खूप आशा आहे, पण तुमच्या रिकाम्या जागेकडे शेजारचा दात कलत राहील त्याला ते थांबवू शकत नाही.

प्रश्न : डेंटल कॉलेजात हिरड्यांच्या ट्रायलमध्ये नाव घालायला विचारलंय, तोंडाच्या एका बाजूला नवीन जेल आणि दुसऱ्या बाजूला नुसती सफाई. माझ्यावर प्रयोग होतोय का? भीती वाटते.

प्रयोग होतोय, पण तुमच्या परवानगीने आणि नियमात होतोय, आणि भीती वाटली तर नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, त्याने तुमचा नेहमीचा इलाज थांबत नाही, आणि हो म्हटल्यावर मधेच बाहेर पडायचाही हक्क आहे. एकाच तोंडात दोन बाजूंना दोन इलाज करायची पद्धत दातांच्या संशोधनात फार चालते कारण माणूस तोच, शुगर तीच, ब्रश तोच, मग फरक पडला तर तो इलाजाचाच. कुठल्या बाजूला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात म्हणजे डॉक्टरला आपली आवडती बाजू निवडता येत नाही. आणि नुसती सफाई म्हणजे तुम्हाला उपाशी ठेवलं असं नव्हे, आज जो पक्का इलाज आहे तो तोच आहे, जेलचाच अजून पत्ता लागायचाय.

सही करायच्या आधी कागद घरी आणा आणि शांतपणे वाचा, मराठीत नसेल तर मराठीत मागा. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, ट्रायलची नोंदणी झालीये का, जेलने काही बिघडलं तर इलाजाचा खर्च कोण करणार, आणि संपल्यावर जी बाजू मागे राहिली असेल तिचा पुढचा इलाज फुकट होणार का. अजून एक विचारा, मोजणार काय आहेत. पॉकेट अर्ध्या मिलिमीटरने कमी झालं तरी निकाल चांगला म्हणून छापता येतो, पण अर्धा मिलिमीटर म्हणजे मोजणाऱ्याचा हात थोडा हलका पडला तरी तेवढा फरक येतो, आणि तुम्हाला हवंय ते दात टिकणं.

हो म्हणालात तर मग प्रत्येक तारखेला जा, अगदी दुखणं थांबलं असेल तरी, आणि बिघडलं असेल तर नक्कीच जा. वरच्या इम्प्लांटच्या उत्तरात ९६.४ चे ९३.२ झाले ते अशाच न आलेल्या लोकांमुळे, ज्यांचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.